कोपऱ्यातला जानेवारी

अन्याय झाला तो सुमन भोये यांच्यावर. कधी झाला तेही सांगते. यंदा श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. नाशिकच्या पश्चिमेला डोंगरात एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे, तिथे सुमनताई नर्स आहेत. त्या वेळी त्या एका बाळाला लस टोचत होत्या. संस्थेच्या माणसाने सुई बाहेर येईपर्यंत थांबायची सभ्यता दाखवली आणि मग पाकीट हातात दिलं. आत नोटीस. दिवस भरत आलेल्या बायकांची साप्ताहिक यादी सलग दोन आठवडे काढली नाही, त्यामुळे एका मातेचा जीव धोक्यात आला, सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर सेवा समाप्त.

यादी सुमनताईंनी काढली होती. दोन्ही सोमवारी काढली होती. ती रिकामी आली, कारण दवाखान्यातल्या संगणकाची तारीख चुकीची होती. तारीख चुकीची होती, कारण ती मी चुकवली होती.

म्हणजे नोटीस माझ्या नावाने निघायला हवी होती. किमान मी ज्या कंपनीत होते तिच्या नावाने. निघाली कुणाच्या नावाने? जिच्याकडे संगणकाचा साधा पासवर्ड बदलायचाही अधिकार नव्हता तिच्या. असंच होतं. काही बिघडलं की बोट खाली खाली सरकत जातं आणि सगळ्यात खालच्या माणसावर जाऊन थांबतं.

संपादकांनी माझ्याकडे ‘संगणकाच्या कामातले गमतीदार अनुभव’ मागितले होते. गमती आहेत, मध्येच येतीलही. पण हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. मी सिन्नरची, वय अठ्ठावीस. कंत्राटी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहिते, म्हणून माझी वाक्यं तुम्हाला जरा अंगावर आल्यासारखी वाटतील. येऊ द्या.

तर माझं काम. लोक विचारायचे, तू कॉम्प्युटर दुरुस्त करतेस का? नाही. मी बसवते. संगणक नव्हे, त्याच्या आतलं काहीतरी. हे समजावणं फार कठीण जायचं, शेवटी माझ्या वडिलांनीच सोपं केलं. त्यांना द्राक्षाची बाग ठाऊक. मी सांगितलं, दादा, प्रोग्राम म्हणजे वेल. वेल स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, तिला मांडव लागतो. लोखंडी अँगल, तारा, ताण. आमच्या भाषेत त्या मांडवाला फ्रेमवर्क म्हणतात. मांडव नसेल तर प्रोग्राम उघडतच नाही. दादा म्हणाले, “म्हणजे तू मांडव ठोकणारी.” तेव्हापासून मी मांडव ठोकणारी.

जिथे इंटरनेट आहे तिथे हा मांडव संगणक स्वतःच ओढून आणतो, माझी गरज नाही. जिथे नाही तिथे तो पेनड्राइव्हवर घालून, एसटीने आणि वडापच्या जीपने मी न्यायचे. आणि तिथे तो हटकून अडायचा. संगणक जुना, विंडोजची आवृत्ती वेगळी, सोबत नेलेल्या फाइली भलत्याच आवृत्तीच्या. हिरवी पट्टी सरकत सरकत ऐंशी टक्क्यांवर येते, थांबते, उलटी फिरते. मग पडद्यावर आकड्यांची आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती ओळ म्हणजे चूक काय आहे याचा पत्ता. ती वहीत उतरवायची आणि तिच्या मागे लागायचं. संगणकाला इंटरनेट नसलं की ती ओळ शोधता येत नाही, आणि मोबाइलची रेंज फोन लागेल, एखादा फोटो जाईल एवढीच. तुम्ही, तो पडदा, आणि मागे उभा असलेला मालक.

देवळ्याला कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे सेटअप तीन वेळा त्र्याऐंशी टक्क्यांवर पडला. दर वेळी त्र्याऐंशी. मालक मागे उभे.

“मॅडम, तुमचे सर कधी येणार?”

“कोणते सर?”

“नाही म्हणजे, जे बसवतात ते.”

“मीच बसवते.”

“हो, हो. तुम्ही बसवा. पण सर कधी येणार?”

मी टॉर्च लावून पेनड्राइव्हच्या खाचेत पाहिलं. खाच लाल. दसऱ्याला पूजा करताना त्यांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि मनापासून वाहिलं होतं. फाइल वाचताना मध्येच संपर्क तुटत होता. मी त्यांच्या मुनिमांच्या दाढीच्या ब्रशने कुंकू झाडलं आणि चौथ्या वेळी पट्टी शंभरावर गेली. मालकांनी ती पाहिली आणि म्हणाले, “देवालाच नको होतं म्हणायचं आधी.” माझं श्रेय तेवढ्यावर गेलं. पण खरं सांगते, ती पट्टी पूर्ण भरते तेव्हा जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. मी या कामात चांगली होते. अजून आहे.

आता त्या युक्तीबद्दल. ही युक्ती आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला येते आणि प्रत्येक जण ती नाकारतो.

सेटअपच्या फाइलीवर बनवणाऱ्याची एक सही असते. शाईची नाही, संगणकाला वाचता येणारी. ती खरी आहे की नाही हे संगणक तपासतो, मगच आत घेतो. आणि त्या सहीला मुदत असते. आमच्या कंपनीने फ्रेमवर्क आणि दवाखान्याचा प्रोग्राम असं दोन्ही एका गाठोड्यात बांधलं होतं, वर कंपनीची सही. त्या सहीची मुदत फेब्रुवारीत संपली. मला ते गाठोडं घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या संस्थेच्या डोंगरातल्या सहा दवाखान्यांत पाठवलं.

पहिल्याच ठिकाणी संगणकाने नकार दिला. सहीची मुदत संपली आहे. मी आमचे सुपरवायझर मोरे सर यांना फोन लावला.

“सर, नवीन फाइल पाठवा.”

“नवीन सहीला पंधरा दिवस लागतात. तू काय नवीन आहेस का? तारीख मागे घे.”

“सर, दवाखाना आहे.”

“मग काय झालं? मागे घे, बसव, पुढे घे. दोन मिनिटांचं काम. सगळे करतात.”

सगळे करतात. मीही करत होते, हे लपवणार नाही. संगणकाची तारीख मागे जानेवारीत नेली की त्याला वाटतं सहीची मुदत अजून आहे. तो निमूटपणे गाठोडं आत घेतो. मग तारीख परत आजवर आणायची. तीन पायऱ्या. तिसरी विसरायची नाही.

पण आमच्याकडे आणखी एक पद्धत होती आणि तिनेच घात केला. पडद्यावर ‘यशस्वी’ असं हिरवं आलं की लगेच मोबाइलने त्याचा फोटो काढायचा आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकायचा. फोटो पडला की काम झालं. फोटोआधी तुम्ही चार तास घाम गाळला असला तरी शून्य, आणि फोटोनंतर काय केलं न केलं हे कोणीही विचारत नाही. त्यामुळे माणसाचं अंग फोटोपर्यंत ताठ असतं. फोटो गेला की सैल पडतं. आणि आमची तिसरी पायरी फोटोनंतरची होती.

सहा दवाखाने, सहा फोटो, सहा अंगठे. मोरे सरांनी ग्रुपवर टाळ्याही वाजवल्या. मी घरी आले आणि विसरले.

आषाढ अर्धा सरला होता. त्र्यंबकेश्वरहून फोन आला, एका लॉजचा बुकिंगचा प्रोग्राम बिघडलाय. गेले. काउंटरवर बापू नावाचे मॅनेजर, कपाळाला आडवं गंध, आवाज जिन्यात घुमणारा. जिन्यावर पायरी पायरीला माणसं बसलेली, पिशव्या, पूजेचं सामान, एक बाळ रडतंय.

“या मॅडम. बघा हा चमत्कार. कॉम्प्युटर म्हणतो आज एकही यात्रेकरू नाही. मग हे जिन्यात कोण आहेत? भुतं?”

जिन्यातून एक आजोबा ओरडले, “ओ बापू, जालन्याहून आलोय आम्ही, भुतं काय म्हणता! महिन्यापूर्वी खोली सांगितलीय.”

“आजोबा, मला दिसताय तुम्ही. याला दिसत नाही.”

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख कित्येक वर्षं मागे. संगणकाच्या आत बटणाएवढा एक सेल असतो, वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणारा. तो मेला होता. सेल बदलला, तारीख आजची केली, प्रोग्राम पुन्हा उघडला. यादी सरसर भरली. जालन्याचे आजोबा तिसऱ्या क्रमांकावर.

बापू खूश. चहा मागवला आणि सहज म्हणाले, “कमाल आहे. म्हणजे तारीख चुकली की समोर उभा असलेला माणूससुद्धा नाहीसा होतो.”

मी हसले. कप तोंडापर्यंत नेला. आणि तिथेच थांबले.

भीती कशी येते हे मला त्या दिवशी कळलं. ती धावत येत नाही. आधी पायाचे तळवे गार पडतात. मी मोबाइल काढला आणि कंपनीच्या ग्रुपवर मागे मागे गेले. जूनमधले माझे सहा फोटो. पहिला मोठा केला. मध्ये हिरवं ‘यशस्वी’. उजव्या खालच्या कोपऱ्यात तारीख. जानेवारी. पडद्याच्या बाजूला खिडकी आली होती, खिडकीबाहेर जूनचे काळे ढग, आणि कोपऱ्यात जानेवारी.

दुसरा. जानेवारी. तिसरा. जानेवारी. सहाही.

साहजिकच होतं. फोटो मी तारीख पुढे घेण्याआधी काढायचे. म्हणजे फोटोंवरून काहीच कळत नव्हतं. नंतर मी तारीख पुढे घेतली असेल. सहाही ठिकाणी घेतली असेल. किंवा पाच. किंवा एकाही नाही. मी डोळे मिटून एकेक दवाखाना आठवायचा प्रयत्न केला. खुर्ची आठवली, भिंतीवरचं पोलिओचं चित्र आठवलं, एका ठिकाणची मांजर आठवली. तारीख पुढे घेणारा माझा हात एकाही ठिकाणी आठवेना.

त्या प्रोग्रामचं काम काय होतं, ते सांगते. डोंगरातल्या पाड्यांवरून पावसाळ्यात बाई अडली तर खाली आणायला वेळ मिळत नाही. ओहोळ भरतात, जीप पलीकडेच थांबते. म्हणून संस्थेची पद्धत अशी की दर सोमवारी सिस्टरने यादी काढायची, पुढच्या पंधरा दिवसांत कुणाचे दिवस भरतात, कुणाचे भरून गेलेत. त्या बायकांना निरोप जायचा. त्या आधीच खाली येऊन दवाखान्याशेजारच्या खोलीत राहायच्या. चांगली पद्धत होती. आधी ती कागदी रजिस्टरवर चालायची. प्रोग्राममध्ये नोंदी भरून झाल्यावर, जुलैच्या सुरुवातीला, संस्थेने रजिस्टरं ‘पडताळणीसाठी’ नाशिकला मागवून घेतली. दुहेरी नोंद नको म्हणून.

ज्या संगणकाला आज फेब्रुवारी वाटतोय, तो जुलैत बाळंत होणाऱ्या बाईचं नाव देईल का?

मी मोरे सरांना फोन लावला. ते म्हणाले, “पुढच्या व्हिजिटला बघून घे.”

“सर, बायका आहेत यादीत.”

“मग सिस्टरला माहीत असतं ना कोण गरोदर आहे. तू कशाला घाबरतेस? आणि ऐक, ग्रुपवर काही लिहू नकोस.”

कशाला घाबरतेस, हे त्यांनी मला विचारलं. मी त्यांना विचारते, तुम्ही का घाबरला नाहीत?

बापूंच्या काउंटरवरूनच मी सहा दवाखान्यांना फोन केले. चार लागले. चार सिस्टरना सांगितलं, उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचून दाखवा. चौघींनी वाचली. आजची. दर वेळी मी वहीत खूण करून पुढचा नंबर फिरवायचे. दोन फोन लागेनात. बापूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला आणि ओळखीच्या एका जीपवाल्याला हाक मारली. म्हणाले, “हिला जायचंय तिथवर ने. रस्त्यात भाडं भरायला थांबू नकोस.”

पाचवा दवाखाना वाटेत होता. तारीख बरोबर. मी जीपमध्ये परत बसले आणि तेव्हा, अगदी तेव्हा, सहावा आठवला. सुमनताईंचा. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. संगणकाने रिस्टार्ट मागितला. रिस्टार्ट होतानाच वीज गेली. साडेतीनची गाडी चुकली तर मुक्काम पडणार होता. वीज आली तेव्हा गाडीचा हॉर्न वाजत होता. सुमनताईंनी पिशवीत भाजलेल्या शेंगा कोंबल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “पळ गं, पळ.” मी पळाले.

पुढचा तासभर मी रस्त्याकडे पाहिलंच नाही. जीपवाला गप्पा मारत होता, नंतर त्यानेही सोडलं.

दवाखान्यात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजत होते. सुमनताई औषधांची मोजदाद करत होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा दोरीला. मला बघून हसल्या.

“अगं, आज कशी काय वाट चुकली?”

मी सरळ संगणकाशी गेले. कोपऱ्यात फेब्रुवारी.

“ताई, ही तारीख तुम्हाला दिसली नाही?”

“दिसली तर. लगेच दिसली. मी तुमच्या कंपनीला फोन केला होता. म्हटलं, तारीख जुनी दाखवतंय. तो मुलगा म्हणाला, ती सिस्टमची तारीख असते, हात लावू नका, नाहीतर सगळा डेटा जाईल.” मग माझं तोंड पाहून त्यांचा आवाज उतरला. “का गं? लावायचा होता का हात?”

मी तारीख पुढे घेतली. खुर्चीत बसलेही नव्हते. यादीचं बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरला. चार नावं. वरच्या नावापुढे लाल खूण, म्हणजे जोखमीची. पहिल्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं. जना. दिवस भरून तीन दिवस उलटले होते.

सुमनताईंनी कागद हातात घेतला. चष्मा लावला, काढला.

“ही माझ्या डोक्यात होती,” त्या म्हणाल्या. “गेल्या सोमवारी मी म्हटलं, जना येईल आज यादीत. नाही आली. त्याच्या आधीही नाही. म्हटलं माझाच हिशेब चुकला. रजिस्टर असतं तर बोट ठेवून पाहिलं असतं. यंत्र कसं चुकेल म्हटलं.”

मग त्यांनी पिशवी भरायला घेतली.  

जीप ओहोळापर्यंत गेली. पुढे चढ. पाऊस भुरभुरत होता, पाण्याला ओढ होती पण गुडघ्याएवढंच. सुमनताई माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठ्या, आणि माझ्या पुढे. मी मनात एकच गोष्ट घोकत होते, नुसती बसलेली असू दे, तांदूळ निवडत बसलेली असू दे, आम्हाला बघून हसू दे. पाडा दिसायला लागला. एका घरापुढे माणसं गोळा झाली होती. मला तिथून मागे पळून जावंसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

सकाळपासून कळा येत होत्या. जनाची सासू दारात आली. ती चिडलेली नव्हती. तेच सहन होत नव्हतं.

“सिस्टर, तुझा निरोप नाय आला,” ती म्हणाली. “आमी वाट बघत व्हतो. निरोप नाय, म्हंजे अजून दिस हायेत असं म्हटलं.”

त्यांनी निरोपावर विश्वास ठेवला होता. सांगितल्याशिवाय खाली यायचं नाही, खोलीत जागा नसते, हे त्यांना संस्थेनेच शिकवलं होतं. आणि तो निरोप माझ्या जानेवारीत अडकून पडला होता.

सुमनताई आत गेल्या, पाच मिनिटांत बाहेर आल्या. “उचला.” चार गड्यांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. उतार निसरडा. सुमनताई डोलीच्या कडेने चालत होत्या, एक हात जनाच्या कपाळावर. जना ओरडत नव्हती, दात आवळून होती. ओहोळात एकाचा पाय सरकला, डोली एका बाजूला कलली. तेव्हा ती फक्त एवढं म्हणाली, “पाडू नका रं.” मी मागून डोलीला हात लावला होता. माझ्या हाताचा काही उपयोग नव्हता, पण काढवेना.

बाळ जीपमध्येच झालं, दवाखाना दिसत असताना. मुलगी. ती रडली आणि जीपवाला ‘देवा’ म्हणून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मला वाटलं, संपलं, सुटलो. मग सुमनताईंचा चेहरा पाहिला. रक्त थांबत नव्हतं.

त्यांनी सलाईन लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. नाशिकला न्यायची अँब्युलन्स येईपर्यंत आणि नंतर तिच्यातही, सगळ्या घाटभर, मी ती बाटली वर धरून होते. गाडीच्या हिसक्यांनी बाटली खाली खाली येत होती. सुमनताई जनाचं पोट दाबून धरून होत्या, वर न बघताच म्हणाल्या, “ताठ धर गं. एवढं तरी नीट धर.”

धरलं. जनाचे ओठ पांढरे पडत चालले होते. मी तिच्या छातीकडे बघत होते, वर जाते का, खाली येते का. दर वळणावर वाटायचं, आता नाही येणार. मी आजवर शेकडो वेळा एका हिरव्या पट्टीकडे जीव मुठीत धरून पाहिलं होतं. ती भीती नव्हतीच, तो खेळ होता. हे आता कळत होतं.

जना वाचली. रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या. दोन आठवड्यांनी मायलेकी पाड्यावर परत गेल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संस्थेत चौकशी सुरू झाली की जोखमीची बाई वेळेवर खाली का आणली नाही. कंपनीकडे खुलासा मागितला गेला. कंपनीने संगणकातली नोंद काढून दिली. कुणी कधी कोणतं बटण दाबलं हे प्रोग्राम आपोआप लिहून ठेवतो. त्या दोन सोमवारांना यादी काढल्याची नोंदच नाही. शून्य. सही, शिक्का, कागद तयार.

नोंद नाही, कारण नोंद फेब्रुवारीत आहे. सुमनताईंनी जुलैत दाबलेलं बटण संगणकाने फेब्रुवारीत लिहून ठेवलंय. प्रोग्राम बसला जूनमध्ये. मग तो बसण्याच्या चार महिने आधी सुमनताईंनी त्याच्यातून यादी कशी काढली? हा प्रश्न चौकशी समितीतल्या एकालाही पडला नाही. कंपनीला पडला होता, याची मला खात्री आहे. कारण मोरे सरांचा मला त्याच आठवड्यात फोन आला.

“ते जूनचे फोटो ग्रुपवरून काढून टाक. जुने आहेत, उगाच जागा खातात.”

“सर, त्या फोटोंच्या कोपऱ्यात तारीख आहे.”

“म्हणूनच सांगतोय. तुझ्याच भल्याचं आहे. बसवलं कुणी होतं?”

मी बसवलं होतं. तेच मी लिहून दिलं, दोन पानं, सहीनिशी. गाठोड्याची मुदत संपलेली होती, तारीख मागे घ्यायला मला सांगितलं गेलं, ती पुढे घ्यायला मी विसरले, सुमन भोये यांनी तक्रार केली तेव्हा त्यांना हात लावू नका असं सांगण्यात आलं. सोबत सहा फोटो. एक प्रत संस्थेला, एक कंपनीला. कंपनीने तिसऱ्या दिवशी माझं ओळखपत्र परत घेतलं. संस्थेने उत्तर दिलं की कामावरून काढलेल्या व्यक्तीचं म्हणणं विश्वासार्ह धरता येत नाही. लिहून दिलं तेव्हा मी कामावर होते, हो. पण ते बारीकसारीक झालं.

आणि मग ती श्रावणातली नोटीस. सुमनताईंनी खुलासा दिला, तोही पडून आहे. त्यांचा करार अकरा महिन्यांचा, दिवाळीनंतर संपतो. पुढचा करार ‘चौकशीच्या निकालावर अवलंबून’ आहे. मी त्यांना भेटायला गेले होते. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, “तू चुकलीस, ते मला माहीत आहे. तुला सारखं सारखं सांगू का आता?”  मग म्हणाल्या, “मला एकाच गोष्टीची भीती वाटते. माझ्या जागी नवीन मुलगी येईल. तिला यंत्राने रिकामी यादी दिली, तर ती जनाचं नाव डोक्यात तरी ठेवेल का?”

मला त्याच भीतीने झोप लागत नाही. इंटरनेट नसलेल्या किती खोल्यांमध्ये किती संगणक आज चुकीच्या महिन्यात चालू आहेत? सगळे करतात, असं मोरे सर म्हणाले होते. सगळे म्हणजे किती? आणि सगळेच विसरत असतील तर?

आता मागणी. ही तुमच्याकडे आहे, वाचकांकडे. संस्थेचे विश्वस्त पत्रकाला घाबरत नाहीत, मी चार छापून पाहिली. ते तुमच्यासारख्यांना घाबरतात, कारण देणगीदार तुमच्यातले आहेत, पाहुणे म्हणून ते तुम्हालाच बोलावतात. एक साधा कागद घ्या. त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहा की यंत्रातली नोंद आणि जूनचा फोटो शेजारी शेजारी ठेवून वाचा, प्रोग्राम बसण्याआधीची नोंद कशी आली ते सांगा, सुमन भोये यांची नोटीस मागे घ्या आणि त्यांचं रजिस्टर त्यांना परत करा. खाली नाव लिहा, सही करा. संस्थेचा पत्ता या अंकाच्या कार्यालयात ठेवला आहे, मागितला की मिळेल. करार संपायला फार दिवस उरलेले नाहीत. पुढचा लेख नंतर वाचा. आधी पत्र लिहा.